टाळेबंदीतला तलाक आणि मधले दोघे

२१ ऑक्टोबर २०२० पासून मुंबईच्या लोकलमध्ये सर्व महिलांना प्रवासाची मुभा मिळाली. वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीन, आणि मग संध्याकाळी सातनंतर. अत्यावश्यक सेवेतले वगळता पुरुषांना १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत थांबावं लागलं. मधल्या सव्वातीन महिन्यांत कर्जत मार्गावरच्या विठ्ठलवाडीहून निघालेली बाई कल्याणला गाडी बदलून मुंब्र्याला पोचू शकत होती; तिचा बाप, भाऊ, नवरा किंवा दोन्ही घरांना धरून बोलणारे काका-मामा मात्र पोचू शकत नव्हते. तक्रार सांगणारी हजर, आणि ज्यांनी समोरासमोर बसून ती मिटवायची ते सगळे घरी. त्याआधीचे सात महिने तर तिलाही गाडी नव्हती.

कल्याण पूर्व संपता संपता आणि उल्हासनगर सुरू होता होता विठ्ठलवाडी लागते. मुस्लिम वस्ती म्हणून या जागेची ओळख नाही. त्यामुळे इथल्या एखाद्या मुस्लिम घरात संसार मोडायला आला की माणसं बाहेर धावतात: कल्याणच्या जुन्या भागात, मुंब्रा-कौशाला, नाहीतर भिवंडीला. या तिन्हींचा स्वभाव निराळा. कल्याण-भिवंडीतले कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, शाफई पंथाचे. त्यांच्यात भांडण आधी जमातीत जातं, म्हणजे मोहल्ल्यातल्या किंवा मूळ गावातल्या कारभारी मंडळींपुढे. भिवंडीचे मोमीन विणकर उत्तरेतून आलेले, हनफी. मुंब्रा फुगलं ते १९९२-९३ च्या दंगलींनंतर. कोकणापासून बिहारपर्यंतची कुटुंबं तिथे एकाच जिन्यावर राहतात आणि जमातीचा धाक गावातल्यासारखा चालत नाही. जिथे हा धाक विरतो तिथे काझी, दारुल कझा (काझीची कचेरी), महिला संघटना आणि पोलीस ठाणं यांच्याकडे जाणं वाढतं.

या मध्यस्थीचं मूळ कुराणाच्या चौथ्या सूऱ्यातल्या पस्तिसाव्या आयतीत आहे. नवरा-बायकोत फूट पडेल अशी धास्ती वाटली तर एक हकम, म्हणजे लवाद, त्याच्या घरचा आणि एक तिच्या घरचा नेमावा, असा तिचा आशय. फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायदाशास्त्राच्या, ग्रंथांत तलाकचीही जी रीत सर्वांत बरी मानली आहे, ती तलाक-ए-अहसन, या समेटाला जागा ठेवणारी आहे. शब्द एकदाच उच्चारायचा, मग इद्दत, म्हणजे थांबायची मुदत. ती साधारण तीन मासिक पाळ्यांची, बाई गरोदर असेल तर बाळंत होईपर्यंतची. तेवढ्या मुदतीत नवऱ्याला शब्द मागे घेता येतो. मुदत उलटली की नातं संपलं. शास्त्राप्रमाणे पाहिलं तर हकम तलाकच्या आधीच बसायला हवेत. प्रत्यक्षात बहुतेक घरांत धावाधाव सुरू होते ती शब्द तोंडातून गेल्यावर, म्हणून मधल्या माणसांच्या हाती उरतात ते हेच तीन महिने.

दोन हकमांचं हे वचन धर्मग्रंथापुरतं राहिलं नाही, याचं बरंचसं श्रेय महाराष्ट्रातल्या एका खटल्याला द्यायला हवं. दगडू छोटू पठाण विरुद्ध रहिमबी दगडू पठाण या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातल्या पूर्णपीठाने मे २००२ मध्ये निकाल दिला. बायकोने पोटगी मागितली की लेखी जबाबात ‘मी हिला आधीच तलाक दिलेला आहे’ असं लिहायचं आणि सुटायचं, ही तेव्हाची सर्रास चाल. न्यायालयाने ती मोडली. तलाकला सबळ कारण होतं, दोन्ही बाजूंच्या माणसांनी समेटाचा प्रयत्न केला होता आणि तो फसला, हे सगळं पुराव्याने शाबीत करावं लागेल, असं ठरलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात हीच दिशा धरली. एका दमातला तिहेरी तलाक २२ ऑगस्ट २०१७ ला शायरा बानो निकालाने रद्द झाला, त्या निकालाची चर्चा उदंड झाली; पण ठाणे जिल्ह्यातल्या एखाद्या बाईला कोर्टात उभं राहताना रहिमबीचा खटला कितीतरी जास्त कामाचा आहे. तो तलाकच्या एका प्रकाराबद्दल बोलत नाही, सगळ्याच तलाकांबद्दल बोलतो.

मग आला २०१९ चा कायदा. तोंडी, लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक, कोणत्याही मार्गाने दिलेला झटपट तिहेरी तलाक निरर्थक, आणि देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. राष्ट्रपतींची सही ३१ जुलै २०१९ ची. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच राज्यातल्या पहिल्या गुन्ह्यांपैकी एक मुंब्रा पोलीस ठाण्यात नोंदला गेला. या कायद्याच्या सातव्या कलमात एक खिडकी आहे, तिच्याकडे समर्थक आणि विरोधक दोघांचंही फारसं लक्ष गेलेलं नाही. बाईने स्वतः मागणी केली तर दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीने, ते घालतील त्या अटींवर, तडजोड होऊ शकते. तडजोडीची सोय गुन्हा नोंदवल्यानंतरची, आणि आधी कुणी बसायचं हे कायदा सांगत नाही.

महामारी आली तेव्हा मांडणी अशी होती. झटपट तलाक बाद. अहसन आणि तिच्यासारखीच मुदत ठेवणारी हसन या रीती जिवंत. मध्यस्थी आवश्यक, पण ती कुणी करायची याची सरकारी व्यवस्था नाही.

२३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून आदेश काढला: दावे, अपिलं, अर्ज यांच्या कायदेशीर मुदती १५ मार्चपासून थांबल्या असं धरावं. ही सवलत वाढत वाढत २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंत गेली. न्यायालयांची घड्याळं अशी बंद ठेवता आली. इद्दतीचं घड्याळ कोण बंद ठेवणार? टाळेबंदी लागली त्या आठवड्यात कुणी एकदाच तलाक उच्चारला असेल, तर जूनअखेरीस तो कायम होण्याच्या बेताला आला. त्या तीन महिन्यांत लोकल बंद, मशिदी बंद, न्यायालयात फक्त तातडीची कामं, तिच्या माहेरची माणसं दुसऱ्या तालुक्यात अडकलेली. शब्द मागे घ्यायची मुदत शास्त्राप्रमाणे पुरेपूर मिळाली, फक्त ती वापरायला लावणारी माणसं नव्हती. कोर्टात पुढे रहिमबीच्या निकालाचा आधार घेऊन असा तलाक उडवता येईल, हे खरं. पण कोर्टापर्यंत जाणाऱ्या थोड्या. बाकीच्यांसाठी मोहल्ला म्हणतो तेच खरं, आणि मोहल्ल्याने तीन महिने मोजले.

बाईच्या बाजूची घड्याळं उलट वागतात. तिला संसारातून बाहेर पडायचं असेल तर एक वाट ‘खुला’ची, म्हणजे मेहर परत करून किंवा सोडून देऊन सुटका मागण्याची. तिथे नवरा राजी व्हावा लागतो, अशी बहुतेक काझींची आजवरची समजूत. नवरा अडून बसला किंवा नाहीसाच झाला तर दुसरी वाट फस्खची, काझीने किंवा न्यायाधीशाने निकाह मोडून देण्याची. हनफी फिकहमध्ये ही वाट फारच अरुंद होती. पंजाबात बायका केवळ सुटकेसाठी धर्म सोडू लागल्या, तेव्हा मौलाना अशरफ अली थानवींनी १९३१ साली मालिकी मताचा आधार घेऊन ती रुंद केली, आणि त्यातूनच १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. त्यातल्या मुदती पाहा. नवऱ्याचा ठावठिकाणा चार वर्षं नाही, दोन वर्षं खायला घातलं नाही, तीन वर्षं वैवाहिक कर्तव्य केलं नाही. (नवऱ्याचा कुष्ठरोग हेही एक कारण होतं, ते २०१९ मध्ये वगळलं. रोगाच्या भीतीने माणसं तोडायचं एक कलम महामारीच्या तोंडावर गेलं, हे बरंच झालं.) मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात भिवंडीहून गोरखपूरला मजुरांना गावी नेणारी श्रमिक गाडी सुटली, पुढे अशा गाड्यांची रांग लागली. यंत्रमाग थंड पडलेले, हातात पैसा नाही. गावी गेलेला नवरा परतला नाही, फोन उचलेनासा झाला, तर बाईने दोन वर्षं मोजायची की चार, हा प्रश्न तेव्हा पुस्तकी राहिला नव्हता.

पुरुषाला बाहेर पडायला तोंड पुरतं, बाईला कचेरी लागते. सगळ्या कचेऱ्या एकदम मिटल्या तेव्हा त्याचा अर्थ दोघांसाठी एक नव्हता. महामारीतल्या मध्यस्थीवर बरंच लिहिलं गेलं, त्यात ‘सेवा ऑनलाइन गेल्या’ यावर भर असतो. ही विषमता त्यात निसटते.

ही कचेरी म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. इंग्रजांनी काझीचे न्यायदानाचे अधिकार १८६४ मध्ये काढून घेतले. १८८० च्या काझी कायद्याने नेमणूक परत आणली, पण न्यायाचा अधिकार मिळणार नाही असं स्पष्ट लिहून. बिहारमध्ये मौलाना सज्जाद यांनी १९२१ मध्ये इमारत-ए-शरिया स्थापन केली, आणि पाटण्याजवळच्या फुलवारी शरीफला काझी घडवण्याची रीत पडली. पुढे मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने देशभर दारुल कझा उघडली, त्यांत महाराष्ट्रही आला. बाहेर दरारा केवढा, आत पाहावं तर बहुतेक ठिकाणी मशिदीच्या किंवा मदरशाच्या आवारातली एक खोली, लाकडी कपाट, नोंदवही, चटई किंवा चार खुर्च्या. अर्ज बहुधा उर्दूत, बहुतेक वेळा बाईचा. दिल्ली-मुंबईच्या अभ्यासकांनीही हेच टिपलं आहे. अर्जाला क्रमांक पडतो. नवऱ्याला रजिस्टर टपालाने नोटीस जाते. आला नाही तर दुसरी, मग तिसरी. आला तर दोघांना वेगवेगळं ऐकतात, मग एकत्र बसवतात, दोन्हीकडचे मोठे बोलावतात. अनेक बैठकांचा शेवट निकालात होतच नाही; नवरा महिन्याला अमुक रुपये देईन, सासू वेगळी राहील, असं कागदावर येतं आणि माणसं घरी जातात. जमलंच नाही तर खुलानामा किंवा फस्खचा निर्णय.

कायद्याच्या लेखी या कागदाची किंमत काय? ७ जुलै २०१४ च्या विश्वलोचन मदन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दारुल कझा चालवणं बेकायदा नाही, पण तिचा निर्णय किंवा फतवा कुणावर बंधनकारक नाही, आणि तो जबरदस्तीने लादणं बेकायदा. ‘समांतर न्यायव्यवस्था’ हा आरोप मला अर्धाच पटतो. ज्या संस्थेला समन्स बजावता येत नाही, पोलीस पाठवता येत नाही, तिला न्यायालय म्हणणं म्हणजे तिची फुकट जाहिरात. तिच्या बाजूचे लोक तिला स्वस्त, झटपट न्याय म्हणतात, तेही तपासून घ्यावं लागतं: झटपट कुणासाठी, आणि समेटाच्या नावाखाली मार खाणाऱ्या बाईला किती वेळा घरी परत पाठवलं, हे नोंदवहीत सापडत नाही. दारुल कझाची ताकद सगळी जवळिकीत. काझी ओळखीचा, मशीद रोजची, चारचौघांत मान खाली जाईल ही लाज. या लाजेवर अख्खा डोलारा उभा.

टाळेबंदीने नेमकी ही जवळीक काढून घेतली. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं मार्च २०२० मध्ये मिटली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला उघडली. दुसऱ्या लाटेत एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा मिटली ती ७ ऑक्टोबरपर्यंत. भिवंडीत शांतीनगरच्या मक्का मशिदीत जमाते-इस्लामी हिंदच्या कार्यकर्त्यांनी २०२० च्या पावसाळ्यात मोफत ऑक्सिजनचं केंद्र चालवलं. नमाजाच्या जागी खाटा आणि सिलिंडर. तेव्हा तिथे नवरा-बायकोच्या भांडणाचं कोण ऐकणार, आणि कुणाला ते सांगवणार? कल्याण-डोंबिवलीत जुलैमध्ये पुन्हा कडक बंदी आली. आधीच्या एप्रिलमध्ये तबलिगी जमातीच्या मेळाव्यावरून सगळ्या मुस्लिम समाजाकडे बोट दाखवलं गेलं होतं. त्या वातावरणात पोलीस ठाण्याची पायरी चढायला बाई बिचकली असेल तर नवल नाही. घरात मात्र मारहाण थांबली नव्हती. राष्ट्रीय महिला आयोगाने १० एप्रिलला व्हॉट्सॲप क्रमांक सुरू केला, आणि २५ मार्च ते ३१ मे या काळात कौटुंबिक हिंसेच्या १,४७७ तक्रारी आल्या. या सर्व धर्मांच्या बायकांच्या.

मग सगळं फोनवर आलं. काझी फोनवर, समुपदेशक फोनवर, दोन्हीकडचे मामा कॉन्फरन्स कॉलवर. यात सोय होती, नाही असं नाही. सासर मुंब्र्यात आणि माहेर मंडणगडात असेल तर पूर्वी ज्या बैठकीला दिवस मोडायचा ती तासात झाली. पण दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे सासू, दीर आणि पोरं चोवीस तास आहेत, तिथे बाई स्पीकरवर काय बोलणार? ‘सगळं ठीक आहे, मौलाना’ एवढंच. चटईवर बसलेल्या काझीला ती मान खाली घालून बसली आहे, हातावर वळ आहे, आई बोलताना ती मध्येच उठली आहे, हे दिसायचं. दोघांना वेगवेगळं ऐकणं ही मध्यस्थीतली सर्वांत जुनी आणि सर्वांत कामाची रीत. फोनने पहिली तीच गेली.

महिला संघटना या कामात काझींपेक्षा तयार होत्या, कारण त्यांना बंद दारांची सवय जुनी. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. त्यांचं मुस्लिम सत्यशोधक मंडळ पुण्यात २२ मार्च १९७० ला स्थापन झालं, म्हणजे मंडळाचा पन्नासावा वाढदिवस बरोबर जनता कर्फ्यूच्या दिवशी आला. २००७ मध्ये झकिया सोमण आणि नूरजहाँ साफिया नियाझ यांनी भारतीय मुस्लिम महिला आंदोलन उभं केलं. त्यांनी पुढे मुंबईत बायकांची शरिया अदालत चालवली आणि स्त्री-काझी तयार केल्या. दहा राज्यांतल्या ४,७१० बायकांच्या त्यांच्या पाहणीत ९२ टक्क्यांनी तोंडी तलाक बंद व्हावा असं सांगितलं होतं. स्त्री-काझी म्हटल्यावर पुष्कळांच्या भुवया चढतात. पण बाई एकटी सापडेल अशी वेळ धरून फोन करायचा, ती दळणाला किंवा पाण्याला बाहेर पडली की बोलायचं, ही अक्कल अशा कार्यकर्तीला लवकर सुचते.

इतर देशांकडे पाहिलं की हा घड्याळाचा मुद्दा आणखी उघडा पडतो. इंडोनेशियात १९७४ पासून तलाक धार्मिक न्यायालयातच होतो, तिथे मध्यस्थी सक्तीची आहे, आणि महामारीच्या आधीच ई-कोर्ट सुरू झालं होतं. तरीही २०२० मध्ये नोंदलेले घटस्फोट सुमारे २ लाख ९२ हजार, आणि २०२१ मध्ये जवळपास ४ लाख ४८ हजार. ऑगस्ट २०२० मध्ये बांडुंगजवळच्या सोरेआंग न्यायालयाबाहेरच्या रांगांची चित्रफीत खूप फिरली. संसार एकाएकी जास्त मोडले, असा अर्थ लोकांनी काढला. अडलेलं काम वाहून आलं, हा भागही त्यात मोठा होता. पाकिस्तानात १९६१ च्या वटहुकुमाने नव्वद दिवसांची मुदत स्थानिक कौन्सिलच्या अध्यक्षाला नोटीस पोचल्यापासून मोजली जाते, आणि तीस दिवसांत लवाद बसवायचा असतो. म्हणजे कचेरी मिटली तर तलाकही पिकत नाही. मलेशियात कोर्टाबाहेर तलाक उच्चारला तर सात दिवसांत कळवावं लागतं, शिवाय शिक्षा. आपल्याकडे मुदत कुणाच्याही दारावर टेकलेली नाही, ती घरातल्या घरात चालते. पाकिस्तानी पद्धतीतही सुटका हवी असलेली बाई कचेरी उघडेपर्यंत लटकतेच, हेही सांगायला हवं.

महामारी चालू असताना आणि नंतर न्यायालयांनी या प्रश्नाला पुन्हा हात घातला. केरळ उच्च न्यायालयाने ९ एप्रिल २०२१ ला १९७२ चा जुना निकाल बाजूला सारून बाईचा कोर्टाबाहेरचा खुला मान्य केला. अटी अशा की मेहर परत देण्याची तयारी असावी आणि त्याआधी समेटाचा प्रयत्न झालेला असावा. कौटुंबिक न्यायालयाने वरवर खातरजमा करून शिक्कामोर्तब करायचं. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये उलट टोक पकडलं: खाजगी शरियत कौन्सिलचं खुला प्रमाणपत्र चालणार नाही, बाईने कौटुंबिक न्यायालयात जावं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पोटगी प्रकरणात काझी न्यायालयांना कायद्यात मान्यता नाही हे पुन्हा बजावलं. जून २०२५ मध्ये तेलंगण उच्च न्यायालय म्हणालं की खुला हा बाईचा पूर्ण हक्क, नवऱ्याच्या संमतीवर तो अडत नाही आणि मुफ्तीचा कागद फक्त सल्ल्यापुरता. चारही निकाल एकत्र ठेवले तर काझीची जागा आक्रसत गेलेली दिसते, आणि बाईची वाट, मद्रास वगळता, रुंदावलेली.

२०२३ च्या मध्यस्थी कायद्याने ऑनलाइन मध्यस्थीला स्थान दिलं आणि सामुदायिक मध्यस्थीचं एक प्रकरण घातलं. एखाद्या भागातल्या रहिवाशांत किंवा कुटुंबांत शांतता राहावी म्हणून तीन मध्यस्थांचं मंडळ. त्यात बाई, समाजसेवक, निवृत्त न्यायाधीश कुणीही बसू शकतं. मात्र तिथे झालेला करार न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येत नाही. दारुल कझाच्या कागदाची जी अडचण, तीच इथेही. महिना अमुक रुपये देईन म्हणून सही करणारा नवरा तिसऱ्या महिन्याला थांबला की बाई पुन्हा पहिल्या पायरीवर.

त्यापेक्षा निकाहनाम्यातली एक ओळ जास्त काम करते. तफवीझ, म्हणजे ठरलेल्या अटी मोडल्या तर तलाकचा अधिकार बायकोकडे सोपवणं. शास्त्राला मान्य, भारतातल्या न्यायालयांना मान्य, आणि बांगलादेशाच्या छापील काबीननाम्यात तर त्यासाठी अठरावा रकाना आहे. नवरा सहा महिने बेपत्ता झाला, खर्च दिला नाही, हात उगारला, असं लिहून ठेवलं असतं, तर महामारीत भिवंडीतल्या बाईला दोन वर्षंही मोजावी लागली नसती आणि काझीच्या दाराचं कुलूपही पाहावं लागलं नसतं. ठाणे जिल्ह्यात निकाह लावताना वह्या भरणारे काझी आणि इमाम आजही तारीख, मेहरची रक्कम आणि साक्षीदारांच्या सह्या काळजीने घेतात. शर्तींची जागा बहुतेक वेळा कोरी राहते. ती भरायला सांगणारं त्या मंडपात कुणी नसतं, वधूचा बापही नाही.